उदासीची गोळी आणि रक्तातले मीठ

१९५७ साली स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयातले डॉ. रोलांड कून यांनी इमिप्रामीनचे अनुभव प्रसिद्ध केले. स्किझोफ्रेनियावर हे औषध चालले नव्हते. उदासीने खचलेली माणसे मात्र त्याने उठून बोलू लागली. झुरिकच्या जागतिक परिषदेत त्यांचा निबंध ऐकायला जेमतेम डझनभर श्रोते होते.

त्याच वर्षी अमेरिकेत श्वार्ट्झ, बार्टर आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांचे कोडे मांडले. रक्तात सोडियम कमी, तरी मूत्रपिंडे ते लघवीवाटे टाकतच होती. शरीर पाणी अडवून धरते, म्हणून रक्तातले मीठ पातळ होते, हा त्यांचा निष्कर्ष. पाणी मोजून दिले की सोडियम वर येई. याच सुमारास रक्तदाबासाठी क्लोरोथायझाइड ही लघवी वाढवणारी गोळी आली.

या तीन शोधांची गाठ पुढे म्हाताऱ्यांच्या गोळ्यांच्या डबीत पडली. १९८७ च्या डिसेंबरात अमेरिकेत फ्लुओक्सेटीनला परवानगी मिळाली. जुन्या औषधांपेक्षा हृदयाला सौम्य, म्हणून या वर्गातल्या गोळ्या वृद्धांना निर्धास्तपणे दिल्या जाऊ लागल्या. मग सोडियम उतरल्याच्या नोंदी येऊ लागल्या: बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, अधिक करून वयस्क, किरकोळ अंगाच्या स्त्रियांत, त्यातही लघवीची गोळी चालू असेल तर. वृद्धांसाठी जपून वापरायच्या औषधांची जी यादी डॉ. मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये सुरू केली, तिच्या पुढच्या आवृत्त्यांत हा इशारा आला.

आपल्या घरांत मात्र मळमळ, झोक जाणे, बरळणे यांना एकच नाव: वय झाले. आम्हा जैनांकडे तर दोष नेमाच्या मीठत्यागाला. मग तांब्याभर लिंबूपाणी पाजतात, म्हणजे अडलेल्या पाण्यात आणखी पाणी.

एक चिरंजीव आईच्या विसराळूपणासाठी माझ्याकडे साबुदाण्याच्या गोळ्या मागायला आले. डबीत रक्तदाबाची जुनी गोळी होती आणि तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालेली उदासीची. मी माझे औषध दिले नाही. रक्त तपासायला पाठवले. सोडियम ११९, निरोगी माणसात ते १३५ ते १४५ असते. त्यांना त्याच दिवशी दाखल केले. दोन्ही गोळ्या फिजिशियननेच बदलल्या; मनाने बंद करणे हा दुसरा धोका. आठवड्याने भेटायला गेलो, तर आजी ताट सारून सुनेला म्हणत होत्या, “आज रविवार ना? मग आमटीत मीठ कसं?”