चिलटाच्या मेंदूतील गंधाची बाराखडी

पिकलेली केळी घरात आणून ठेवली की घटकाभरात त्यांवर चिलटे जमतात. त्यांना हाकलण्यापलीकडे आपण त्यांच्याकडे लक्ष देत नाही. परंतु खसखशीच्या दाण्याहूनही लहान असा त्यांचा मेंदू एक वास दुसऱ्यापासून वेगळा कसा ओळखतो, या शोधाच्या इतिहासातील एक मोलाचे पान मुंबईत कुलाब्याला लिहिले गेले. त्यात गोव्याचाही वाटा आहे.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारणारे डॉ. ओबेद सिद्दिकी पुढील दशकात फळमाशीच्या, म्हणजे या चिलटाच्याच, अभ्यासाकडे वळले. तेथे त्यांना व्हेरोनिका रॉड्रिग्ज ही विद्यार्थिनी लाभली. तिचे आईवडील मूळचे गोव्याचे. तिचा जन्म १९५३ साली केनियात झाला आणि शिक्षण युगांडात व डब्लिनला. त्यानंतर संशोधनासाठी ती मुंबईस आली.

दोन फाट्यांच्या नळीत माश्या सोडायच्या, एका फाट्यात वास ठेवायचा आणि माश्या कोणीकडे वळतात ते मोजायचे, अशी त्यांची साधी रीत होती. तिच्या साहाय्याने त्यांनी एका प्रकारच्या वासाला मुकलेल्या, पण इतर वास घेऊ शकणाऱ्या माश्या वेचून काढल्या. हे काम १९७८ साली प्रसिद्ध झाले. निरनिराळ्या वासांची वाट निरनिराळ्या जनुकांच्या हाती असते, असे त्यातून सूचित झाले.

मग मेंदूत काय घडते? माशीच्या शृंगिकांवरील केसांतून निघालेले चेतातंतू मेंदूत सुमारे पन्नास लहान गोलकांत येऊन मिळतात. रॉड्रिग्ज यांनी माश्यांना किरणोत्सर्गी खूण केलेली शर्करा देऊन वास हुंगवले. जो भाग कार्यरत होतो तो शर्करा अधिक ओढून घेतो. वास बदलला की उजळणारे गोलकही बदलतात, हे त्यांनी १९८८ साली दाखविले. बाराखडीच्या मोजक्या अक्षरांतून असंख्य शब्द व्हावेत, तसे या मोजक्या गोलकांच्या जुळणीतून असंख्य गंध ओळखले जातात. पुढे ही वार्ता मेंदूतील छत्रीच्या आकाराच्या भागात पोहोचते आणि तेथे वासाशी अनुभवाची गाठ बसते.

वास ग्रहण करणारी जनुके प्रथम उंदरात सापडली, ती १९९१ साली. त्या शोधास २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माशीतील तशी जनुके १९९९ साली हाती आली आणि मुंबईत दिसलेल्या नकाशाचा अर्थ अधिक स्पष्ट झाला.

रॉड्रिग्ज २०१० साली, तर सिद्दिकी २०१३ साली निवर्तले. गोव्याचा अभिमान सांगताना आपण गायक, नट आणि कवी यांची नावे घेतो. गोव्याहून आफ्रिकेत गेलेल्या घराण्यातील या कन्येचे नाव मात्र त्या यादीत क्वचितच येते. ते यावयास हवे.