नेव्हिल डिसोझाची बखर

राजपुरुषांचें चरित्र बखरींत टिकतें. खेळाडूचें मात्र, ज्यांनीं त्यास खेळतांना पाहिलें त्यांच्या जिव्हाग्रीं.

नेव्हिल डिसोझा (१९३२–१९८०) हा मूळचा गोमंतकीय, मुंबईच्या टाटा स्पोर्ट्‌स क्लबाचा आघाडीचा गडी. १ डिसेंबर १९५६ रोजीं मेलबर्न ऑलिंपिकमध्यें यजमान ऑस्ट्रेलियावर त्यानें एकट्यानें तीन गोल चढविले. ऑलिंपिक फुटबॉलांत असा पराक्रम करणारा तो पहिला आशियाई. तो सामना भारतानें ४–२ असा जिंकला. उपान्त्य फेरींत युगोस्लाव्हियाकडून १–४ अशी हार झाली. पण सामन्यांतील पहिला गोल नेव्हिलचाच होता.

दप्तरांत इतकें सांपडतें. परंतु मेलबर्नचा पराक्रम मुंबईकरांनीं केवळ वृत्तपत्रांत वाचला. दूरचित्रवाणी मुंबईंत आली ती १९७२ सालीं. त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला तो कूपरेज मैदानावर क्लबासाठीं धांवणारा नेव्हिल. त्याची चाल, त्याचा फटका यांचे साक्षीदार तेच, आणि ते आतां थोडेच उरले आहेत. म्हाताऱ्यांच्या या गोष्टी म्हणजे निव्वळ करमणूक नव्हे. तें आपल्या इतिहासाचें अलिखित साधन होय. वाचकांनो, आपल्या घरीं असा कोणी वृद्ध असेल, तर त्याचें बोलणें आजच टिपून ठेवा.