ढाल, वल्हे आणि लोकशाही

लोकशाहीचा उगम शोधू लागले म्हणजे आपली दृष्टी साहजिकच अथेन्सच्या नागरिकसभेकडे व तेथील वक्त्यांकडे वळते. परंतु या लोकशाहीची जडणघडण जितकी सभेत झाली, तितकीच ती रणांगणावर आणि समुद्रावर झाली, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

प्राचीन ग्रीक नगरराज्यांत खडे सैन्य बहुधा नसे. नागरिक हाच सैनिक, आणि शस्त्रेही त्याने स्वखर्चाने आणावयाची. मोठी गोल ढाल व लांब भाला घेतलेले ‘हॉप्लाइट’ सैनिक खांद्याला खांदा लावून उभे राहत. प्रत्येकाची ढाल काही अंशी डावीकडील सोबत्याचेही रक्षण करी. तेथे कुळाच्या मोठेपणापेक्षा पाय रोवून उभे राहण्याला महत्त्व होते. नगर राखणाऱ्या मध्यम शेतकऱ्याला कारभारापासून दूर ठेवणे मग उमराव घराण्यांना अवघड होत गेले. इ. स. पूर्व ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर इराणी सैन्य परतवले, ते अशाच नागरिकांनी.

परंतु ज्याची ढाल घेण्याची ऐपत नव्हती, त्याचे काय? त्याचे उत्तर समुद्राने दिले. इ. स. पूर्व ४८३ च्या सुमारास लॉरियनच्या खाणींत विपुल चांदी सापडली. ती नागरिकांत वाटून घ्यावी, असा विचार चालला असता थेमिस्टोक्लीसने तिच्यातून युद्धनौका बांधण्यास सभेचे मन वळविले. एका नौकेवर सुमारे १७० वल्हेकरी लागत. इ. स. पूर्व ४८० मध्ये सालामिसच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत इराणी आरमाराचा पराभव झाला, त्यात या गरिबांच्या बाहुबलाचा वाटा मोठा होता. पुढे इ. स. पूर्व ४६२ च्या सुमारास उमरावांच्या जुन्या मंडळाचे अधिकार कमी झाले आणि पेरिक्लीसने न्यायसभेत बसणाऱ्या नागरिकांस भत्ता सुरू केला. लोकशाहीचा द्वेष करणाऱ्या एका तत्कालीन निनावी लेखकानेही मान्य केले आहे की, नगराला सामर्थ्य देणारे वल्हेकरीच असल्याने त्यांना अधिकार मिळणे रास्त आहे.

मात्र या चित्राला काळी बाजूही आहे. स्त्रिया, गुलाम व परके रहिवासी या अधिकारापासून वंचितच राहिले. ज्या आरमाराने स्वातंत्र्य राखले, त्याच आरमाराच्या धाकाने अथेन्स मित्रराज्यांकडून खंडणी वसूल करू लागले. इ. स. पूर्व ४१६ मध्ये शरण न येणाऱ्या मेलोस बेटावर स्वारी करून, ते जिंकल्यावर अथेन्सने तेथील पुरुषांना ठार केले व स्त्रिया-मुलांना गुलाम केले.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत, ४१५ च्या वसंतात, युरिपिडीसने ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ हे नाटक अथेन्सच्या रंगभूमीवर आणले. जिंकलेल्या नगरातील विधवांचा आक्रोश जेत्यांनाच ऐकविणारे हे नाटक! नाट्यस्पर्धेत त्याच्या वाट्याला दुसरे स्थान आले. प्रेक्षक घरी गेले, आणि त्याच उन्हाळ्यात सभेच्या मतानुसार प्रचंड आरमार सिसिलीच्या स्वारीवर निघाले. दोन वर्षांत त्याचा पुरता नाश झाला, आणि इ. स. पूर्व ४०४ मध्ये अथेन्सला स्पार्टापुढे शरण जावे लागले.

ढालीने आणि वल्ह्याने सामान्य माणसाला मत दिले. ते मत कशासाठी वापरावे, हा विवेक मात्र कोणतेही शस्त्र देऊ शकले नाही. तो सांगणारा कवी त्यांच्यातच होता. त्यांनी त्याला ऐकले, परंतु त्याचे ऐकले नाही.