कामाची पारख आणि किर्लोस्करवाडी

शेरा, बढती, वार्षिक अहवाल हे शब्द आज प्रत्येक कचेरीत ऐकू येतात. माणसाचे काम नीट पारखले तर कारखान्यातून माल अधिक निघतो काय? आपल्या कृष्णाकाठी ह्या प्रश्नाचे उत्तर एका डावललेल्या नोकराने शोधले.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्यास मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. तेथील कारखान्याची जागाही नगरपालिकेने घेतली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडी वसू लागली. पंचवीस कामगार व त्यांची कुटुंबे, एवढाच संसार!

आता ही माणसे पाहा. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली, पण तेथे ते कल्पक इंजिनिअर ठरले. मंगेशराव रेगे कारकुनीतून हिशेबखात्याचे प्रमुख झाले. आणि रखवाली कोणाकडे? तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग ह्या, गुन्ह्याबद्दल शिक्षा भोगून आलेल्या दोघांकडे! इतर कोणी मालक त्यांना फाटकाच्या आत घेता ना. लक्ष्मणरावांनी त्यांच्या हाती फाटकच दिले.

त्यानंतर वर्षभरातच, १९११ साली, अमेरिकेत टेलरचे शास्त्रीय व्यवस्थापनावरील पुस्तक निघाले. त्याने हातात घड्याळ घेऊन कामगाराची प्रत्येक हालचाल मोजली. उत्पादन वाढले हे खरे. पण कामगार चिडले हेही खरे. पुढे १९२४ ते १९३२ ह्या काळात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात प्रयोग झाले. आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे एवढ्यानेही कामाला हुरूप येतो, असा त्यांचा अर्थ लावला गेला. त्यावर नंतर पुष्कळ आक्षेप आले; किर्लोस्करवाडीचा अनुभव पाहता मला मात्र तो अर्थ अगदीच पोकळ वाटत नाही.

तथापि ह्या पद्धतीची मर्यादा झाकून ठेवू नये. पंचवीस जणांना मालक नावानिशी ओळखतो. हजारांना ओळखण्यासाठी नोंदवही लागतेच. शिवाय नोकरी, घर, शेजार सारे एकाच वाडीत. मालकाची पारख एखाद्या कामगाराविषयी चुकली, तर त्याने दाद मागण्यासाठी कोणाच्या दाराशी जावे?