स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर: वेग आणि अचूकतेचा हिशेब

स्वीप पद्धतीचा, म्हणजे वारंवारतांच्या पट्ट्यावरून एक फिल्टर सरकवत नेणारा, स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर मंद असण्याचे कारण त्याच्या फिल्टरमध्ये आहे. अरुंद फिल्टरमधून संकेत पूर्ण उमटायला जास्त वेळ लागतो. शिवाय तोच पट्टा पार करायला टप्पेही जास्त पडतात. ही दोन्ही ओझी एकत्र येतात, म्हणून स्वीपचा काळ फिल्टरच्या बँडविड्थच्या वर्गाशी व्यस्त प्रमाणात असतो. अ‍ॅनालॉग फिल्टरसाठी स्थिरांक साधारण २.५ धरतात. १०० मेगाहर्ट्झचा पट्टा १० किलोहर्ट्झच्या फिल्टरने पाहायला अडीच सेकंद पुरतात. फिल्टर १ किलोहर्ट्झवर आणला की २५० सेकंद लागतात. घाई केली तर शिखर बुटके दिसते आणि जागेवरूनही सरकते. तरीही अरुंद फिल्टर टाळता येत नाही, कारण बँडविड्थ दहापट कमी केली की नॉइजची पातळी १० डेसिबलने खाली जाते आणि क्षीण संकेत वर येतात.

कूली आणि ट्यूकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जलद फूरिए रूपांतराने, म्हणजे एफएफटीने, हे गणित बदलले. १० मेगाहर्ट्झचा तुकडा एकदम अंकित करायचा आणि त्यातल्या सगळ्या वारंवारता एकाच नोंदीतून काढायच्या. १ किलोहर्ट्झच्या विभेदनासाठी अशी नोंद काही मिलिसेकंदांची असते; दहा तुकड्यांत वरचा सगळा पट्टा संपतो. विभेदन वाढवताना इथे वेळ सरळ प्रमाणात वाढतो, वर्गाने नाही. माझ्या मते या उपकरणांतली सर्वांत मोलाची सुधारणा हीच.

तिची किंमतही आहे. त्या १० मेगाहर्ट्झमधले सगळे संकेत अंकीकरण यंत्रणेवर एकाच वेळी आदळतात. आदर्श १४ बिटांच्या यंत्रणेची व्याप्ती सुमारे ८६ डेसिबल. शेजारी जोरदार प्रक्षेपक असेल तर ती त्याच्यावरच खर्च होते. विंडोची, म्हणजे रूपांतरापूर्वी नोंदीला लावलेल्या भारांची, निवडही पाहावी लागते. हॅन विंडोत दोन बिंदूंच्या मधोमध पडलेला संकेत १.४ डेसिबलने कमी दिसतो. फ्लॅट-टॉप विंडोत ही चूक जवळजवळ नाहीशी होते, पण तेवढ्याच विभेदनासाठी नोंद सुमारे अडीचपट लांब घ्यावी लागते.

सरासरीने यादृच्छिक चढउतार कमी होतात, पण ती शक्तीची घ्यावी. डेसिबलमधल्या आकड्यांची घेतली तर नॉइज २.५ डेसिबलने कमी भासतो, आणि कितीही वेळ थांबले तरी ही चूक जात नाही.

जोडणीतले परावर्तनही असेच हटवादी. स्रोत आणि उपकरण दोघांकडूनही व्होल्टेजचा पाचवा भाग परत फिरत असेल, तर मोजणी सुमारे ०.३५ डेसिबलने वर किंवा खाली जाऊ शकते. मध्ये १० डेसिबलचा चांगला अ‍ॅटेन्युएटर घातला की परतणारी लाट त्यातून दोनदा जाते आणि ही चूक ०.०४ डेसिबलच्या आत येते. मात्र संकेताच्या तुलनेत नॉइज १० डेसिबलने वर चढतो. तो परत खाली आणायला बँडविड्थ दहापट कमी करावी लागते. वरच्या १ किलोहर्ट्झच्या उदाहरणात स्वीप पद्धतीला त्यासाठी जवळपास सात तास लागतील. एफएफटीला काही सेकंद पुरतात.