लग्नसराई १९४५ : डहाणू ते झरी

मे महिना, रात्रीचे आठ. डहाणू स्टेशनाबाहेर उभ्या असलेल्या पिकअपच्या हौद्यात तुम्ही अंग चोरून बसला आहात. एका बाजूला स्पीकरची थप्पी, दुसऱ्या बाजूला जनरेटर आणि मध्ये गोणपाटात गुंडाळलेले कीबोर्ड, ऑक्टोपॅड, बेंजो. वाजवणारी पोरं विशीतली. लग्नसराईभर ही पार्टी रोज नव्या पाड्यावर वाजवते, पहाटे कुठेतरी अंग टाकते आणि संध्याकाळी पुन्हा निघते. आगर, नरपड, चिखले, घोलवड अशी गावं मागे पडतात. डाव्या हाताला समुद्र आहे, तो दिसत नाही, पण खारा वारा तोंडावर येत राहतो. आजची सुपारी झरीची आहे.

वाटेत रेल्वेचं फाटक पडतं आणि गाडी थांबते. मालगाडी जाता जात नाही. डब्यांच्या खडखडाटात तुमचा डोळा लागतो.

जाग येते तेव्हा बुडाखाली बैलगाडी आहे. पिकअप नाही, दिवे नाहीत, फाटकापाशी कंदील तेवढा लुकलुकतो आहे. रेल्वे आता बी.बी.सी.आय. कंपनीची आहे. तालुका उंबरगाव, जिल्हा ठाणे. तलासरी तालुका व्हायला अजून पंधरा वर्षं आहेत, महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाल्यावर तो होईल. साल १९४५. तुमच्या मांडीवर ढोल आहे. शेजारी सनईवाला पेंगतो आहे. गाडीच्या पुढच्या कडेला पाय सोडून धवलेरी बसली आहे आणि मधूनच बैलांना हाकारते आहे.

या फेरीत मान तिचाच. वारल्यांच्या लग्नात धवलेरी गायल्याशिवाय लग्न लागत नाही. ब्राह्मण नाही, पोथी नाही. देवांना बोलावणं, चौकापुढे गाणं, नवरानवरीला एकमेकांच्या हाती देणं, सगळं तिच्या गळ्यातून होतं. तारपा या दिवसांत वाजत नाही. तो माळ्यावर टांगलेला असतो. दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि ताडपानाचा कर्णा असलेलं ते वाद्य नवं भात आलं की खाली उतरतं. उन्हाळा ढोलसनईचा.

दिवसा किनाऱ्याकडच्या गावांतून जाताना तुम्हाला युद्धाची बोलणी ऐकू येतात. युरोपातली लढाई पंधरवड्यापूर्वी संपली आहे. तरी रॉकेल मिळत नाही, कापड मिळत नाही. घोलवडच्या चिकूच्या वाड्यांना पाणी भरपूर आहे आणि ते शेंदणारे हात वारली आणि दुबळा आदिवासींचे आहेत. बोर्डीत शाळा आहे; याच वर्षाच्या अखेरीस ताराबाई मोडक तिथे लहान मुलांसाठी काम सुरू करतील. सुकट विकणारी बाई डोक्यावर टोपली घेऊन तुमच्याबरोबर थोडी वाट चालते आणि आपल्या गल्लीला वळते. पुढे गाडी रुळांपलीकडे जाते. उजवीकडे बारडाचा डोंगर. जमीन तापून फुटलेली, ताडांच्या माथ्यावर मडकी बांधलेली.

पाड्यावर पोचता तेव्हा चौक काढून होतो आहे. झोपडीच्या कुडाच्या भिंतीवर गेरू सारवलेला आहे आणि दोघी सवासिनी तांदळाच्या पिठात काडी बुडवून रेघा ओढताहेत. मधोमध पालघट देवी. तिच्याभोवतीच्या नक्षीच्या कडा इतक्या बारीक की बघत राहावं. पंचवीस-तीस वर्षांनी गंजाडचे जिव्या सोमा मशे ही चित्रं कागदावर उतरवतील आणि जग ती विकत घेईल. आज मात्र ती लग्नापुरती आहेत, पावसाळ्यात धुऊन जातील.

धवलेरी गाऊ लागते. चाल साधी आहे, तीन-चार सुरांची, पण तिचा आवाज मांडवावरच्या डहाळ्यांच्या वर चढतो आणि बायका तो झेलून परत देतात. तुम्ही ढोलावर हात टाकता. ताडीचं मडकं फिरतं. पोरंपोरी एकमेकांच्या कमरेला हात घालून गोल धरतात. मातीवर पायांचा ठेका तुमच्या ठेक्याशी जुळतो आणि तिथून पुढे तुम्ही वाजवत नाही, ते पाय तुमच्याकडून वाजवून घेतात. कुठल्याही काळातल्या, कुठल्याही वाद्यवाल्याला यापेक्षा जास्त काही मिळालं असेल असं मला वाटत नाही.

मग तुमचं लक्ष नवरदेवाकडे जातं. त्याच्या कानशिलावर पांढरे केस आहेत. शेजारी हळद लागलेला दुसरा नवरा बसला आहे, तो याचाच मुलगा. बाप आणि लेक एकाच मांडवात. बापाने संसार केला, मुलं झाली, पण लग्नाचा खर्च इतकी वर्षं जमला नाही; तो मुलाच्या लग्नाबरोबर उरकायचा. वारल्यांत हे लाजिरवाणं मानत नाहीत. लग्न राहिलं तर राहिलं, कधीतरी लावावं लागतं एवढंच.

मांडवाच्या कडेला खाटेवर एक माणूस बसला आहे. पायात वहाणा, हातात वही. सावकाराचा कारभारी. देज म्हणजे नवरीसाठी मोजायची रक्कम, तांदूळ, ताडी, नवरीचं लुगडं, सगळ्याचा पैसा त्याच्याकडून आला आहे. बापानेही अंगठा दिला, लेकानेही दिला. या अंगठ्याचा अर्थ असा की उद्यापासून दोघं त्या मालकाचे लग्नगडी. कर्ज फिटेपर्यंत राबायचं आणि ते फिटत नाही, कारण हिशेब वहीत आहे आणि वही कारभाऱ्याच्या हातात. नवऱ्याबरोबर बायकोही राबते, तिच्यावर मालकाची नजर पडली तर दाद मागायला जागा नाही. सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. १९३०च्या दशकाच्या अखेरीस सायमिंग्टन नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने आदिवासींच्या या गुलामीवर अहवाल लिहून दिला आहे. पाड्यावर तो पोचलेला नाही.

पहाटे तुमची बिदागी हातावर पडते. ती कारभारीच मोजतो आणि वहीत लिहितो. तुमच्या ढोलाचे पैसे नवरदेवाच्या नावावर चढतात. हे वाक्य मी पुन्हा लिहिणार होतो, कारण या सगळ्या प्रवासात मला खुपतं ते इथे. गाणं खरं होतं, नाच खरा होता आणि त्याच गाण्याची किंमत म्हणून एक माणूस जन्मभरासाठी विकला गेला.

झरीला तुम्ही २३ मेला पोचता. बुधवार. पौर्णिमा तीन-चार दिवसांवर. सुपारी नाही, कुणी बोलावलेलंही नाही. पण चारी बाजूंनी माणसं चालत येताहेत आणि गाडी त्यांच्याबरोबर वाहत जाते. कोणी नागलीची भाकर फडक्यात बांधून आणली आहे, कोणी नुसता आलाय. हजारो माणसं, पाच हजार तरी. एवढे वारली एका जागी आणि लग्न नाही की जत्रा नाही, हे सनईवाल्याला कळेना झालं आहे.

याची सुरुवात जानेवारीत झाली. टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिथे उंबरगावकडचे काही वारली गेले होते. त्यात माह्या धांगडा होता. आमच्याकडे या, असं त्याने तिथे सांगितलं. मग किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर आले. गोदावरीबाई पाड्यापाड्यांतून हिंडल्या, झोपड्यांत राहिल्या, माणसं बोलती होईपर्यंत थांबल्या. पुढे त्यांनी ते सारं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं. पण आज त्या लाल बावट्याखाली उभ्या आहेत आणि तुम्ही गर्दीत ढोलाला टेकून बसला आहात.

बोलणं लांबलचक नाही. रोख बारा आणे रोज दिल्याशिवाय मालकाच्या खाजगी शेतात राबायचं नाही. फुकटची वेठ कुणाची करायची नाही. मारायला आला तर मार खाऊन घ्यायचा नाही. सगळ्यांनी एकजूट राहायचं. लग्नगडीपण संपलं, असं पाड्यापाड्यांत जाऊन सांगायचं. हे शेवटचं ऐकून धवलेरी मान वर करते. आयुष्यभर तिने ज्या जोड्या लावल्या त्यातल्या किती अजून मालकांच्या खळ्यात आहेत, हे या गर्दीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. ती काही बोलत नाही. शेजारच्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून नीट ऐकायला पुढे सरकते.

इतिहासाच्या पुस्तकांत झरीची परिषद मजुरीचा लढा म्हणून येते. तो होताच. पण बावटा इतक्या लवकर घराघरात शिरला याचं कारण माझ्या मते लग्न हे होतं. दर कुणाला कळो न कळो, मांडवातला अंगठा प्रत्येकाने पाहिला होता.

पुढचे महिने भराभर जातात. लग्नगडी मालकांची घरं सोडून आपल्या झोपड्यांत परततात. पावसाळा येतो, भातलावणी होते. ऑक्टोबरात गवत कापायची वेळ; हे गवत मुंबईच्या गोठ्यांना जातं. पाचशे पौंडांना अडीच रुपये दिले तरच विळा लावू, असं वारली सांगतात. १० ऑक्टोबरच्या रात्री तलवाड्याला प्रचंड जमाव गोळा झालेला असतो, गोदावरीबाईंवर संकट आलंय अशी आवई उठवली गेली म्हणून. पोलीस गोळ्या झाडतात, दुसऱ्या दिवशीही झाडतात. पाच जण मरतात. जेठ्या गांगड त्यातला पहिला. संप मोडत नाही. मालकांना दर कबूल करावा लागतो.

पुन्हा मे येतो. १९४६. तुम्ही त्याच गाडीत, तीच वाट. या वेळी सुपारी द्यायला नवरदेव स्वतः आलाय आणि तुमच्याशी बिदागीवर घासाघीस करतोय. गेल्या साली तुमच्याशी कुणी घासाघीस केली नव्हती. तो कनवटीची चंची सोडतो, नाणी मोजतो, दोन आणे परत ठेवतो. तुम्ही रागावता, सनईवाला रागावतो. शेवटी धवलेरी मध्ये पडते आणि सौदा ठरतो: रोख पैसे, दोन वेळचं जेवण आणि ताडी लागेल तेवढी. हळदीच्या रात्रीच या, तो बजावतो. उशीर केलात तर एक आणा कापीन.