पीसीओएसमधल्या ‘गाठी’ : एका नावाचा इतिहास

पाळी दोन-तीन महिने लांबली म्हणून सोनोग्राफी केली आणि अहवालात ‘दोन्ही अंडाशय पॉलिसिस्टिक’ असे आले, की घरात पहिला शब्द उच्चारला जातो तो ‘गाठी’. मग प्रश्न सुरू होतात. गाठी काढाव्या लागतील का? कॅन्सर तर नाही ना? मूल होईल ना? छत्रपती संभाजीनगरातली कॉलेजची मुलगी असो की पैठण, कन्नड, वैजापूरहून आईसोबत आलेली, प्रश्न हेच असतात. मुलीचे लग्न ठरायचे असेल तर अनेकदा अहवाल कपाटात जातो आणि उपचार तिथेच थांबतात.

म्हणून आज या आजाराच्या नावाची गोष्ट सांगतो. ती कळली की निम्मी भीती जाते आणि खरी काळजी कशाची घ्यायची तेही कळते.

जुन्या नोंदी

हा आजार ‘आजकालच्या राहणीमानाचा’ आहे असे आपण सर्रास म्हणतो. नोंदी मात्र जुन्या आहेत. काश्यपसंहितेत ‘पुष्पघ्नी’ नावाच्या अवस्थेचे वर्णन आहे : पाळी वेळेवर येते पण निष्फळ ठरते, आणि गालांवर केस असतात. आजचा पीसीओएस तो हाच, असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण पाळी, वंध्यत्व आणि चेहऱ्यावरचे केस यांचा संबंध कुणाच्या तरी लक्षात आला होता. 1721 मध्ये इटलीतल्या व्हॅलिस्नेरी यांनी मूल न झालेल्या, जरा स्थूल अशा एका तरुण शेतकरी स्त्रीचे अंडाशय मोठे, पांढरे आणि चकचकीत असल्याचे लिहून ठेवले.

1935 : सात स्त्रिया

आजाराला ओळख मिळाली ती शिकागोत. तिथल्या मायकेल रीझ हॉस्पिटलचे डॉ. आयर्विंग स्टाइन आणि डॉ. मायकेल लेव्हेंथल यांनी 1935 मध्ये सात स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. या स्त्रियांची पाळी लांबत होती किंवा बंद झाली होती आणि अंडाशय मोठे झाले होते. सोनोग्राफी तेव्हा नव्हती. पोटात हवा भरून एक्स-रे काढत आणि नक्की काय ते पोट उघडूनच पाहत.

तपासणीसाठी अंडाशयाचा तुकडा काढला, की काही स्त्रियांची पाळी परत सुरू होते, असे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी प्रत्येक अंडाशयाचा निम्मा ते पाऊण भाग कापून काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले. पुढची काही दशके हीच शस्त्रक्रिया जगभर होत राहिली.

शस्त्रक्रियेचा उपयोग होत होता हे खरे. पण अंडाशय कापल्यावर आजूबाजूचे भाग एकमेकांना चिकटत आणि त्यामुळेच काहींना गर्भधारणा अवघड होई. 1960 च्या दशकात क्लोमिफीनची गोळी आली आणि बीज तयार करण्यासाठी पोट उघडण्याची गरज कमी झाली. ‘गाठी काढाव्या लागतील’ ही आजची भीती त्या जुन्या काळाची सावली आहे.

मग त्या गाठी कसल्या?

अंडाशयात दर महिन्याला बीज असलेल्या काही बारीक पिशव्या वाढू लागतात. त्यातली एक पुढे जाते, साधारण 2 सेंटिमीटरची होऊन फुटते आणि बीज बाहेर पडते. बीज बाहेर पडल्यावर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. पीसीओएसमध्ये या पिशव्या 2 ते 9 मिलिमीटरवरच अडकतात. एकही फुटत नाही, म्हणून पाळी लांबते. सोनोग्राफीत दिसतात त्या या थांबलेल्या पिशव्या. त्या ट्यूमर नाहीत, कापून काढायच्या नाहीत.

1980 च्या दशकात सोनोग्राफी आली आणि नवा गोंधळ झाला. 1988 मध्ये लंडनला निरोगी स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा साधारण पाचातल्या एकीचे अंडाशय असे दिसले. म्हणजे ‘दिसणे’ आणि ‘आजार असणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यातून 2003 मध्ये रॉटरडॅमला नियम ठरला : अनियमित पाळी, पुरुषी हार्मोनचे जास्त प्रमाण किंवा त्याच्या खुणा, आणि सोनोग्राफीतले चित्र, या तिन्हींपैकी किमान दोन हव्यात, आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिनसारखी दुसरी कारणे आधी वगळायला हवीत. व्याख्या बदलली की आकडा किती बदलतो, याचे उदाहरण मुंबईचेच आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने 15 ते 24 वयोगटातल्या मुलींचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध केला. रॉटरडॅमच्या नियमाने 22.5 टक्के मुलींना पीसीओएस निघाला. पुरुषी हार्मोनची अट सक्तीची केल्यावर त्याच मुलींत 10.7 टक्के.

मूळ कुठे?

1921 मध्येच पॅरिसच्या आशार आणि तिएर यांनी दाढी येणाऱ्या स्त्रियांमधल्या मधुमेहाचे वर्णन केले होते. 1980 मध्ये इन्सुलिन आणि पुरुषी हार्मोन यांचा पीसीओएसमधला संबंध दाखवला गेला. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होते. जादा इन्सुलिन अंडाशयाला जास्त पुरुषी हार्मोन बनवायला लावते. आणि बीज वाढायचे थांबते.

‘मी तर बारीक आहे, मला कसे?’ असे अनेकजणी विचारतात. याचे एक उत्तर पुण्यातून मिळते. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! आपण भारतीय बारीक दिसूनही आतून चरबीचे असू शकतो. म्हणून वजनकाट्यावर समाधान मानू नका. कंबरेचा घेर मोजा आणि साखर तपासा.

लेट्रोझोलची गोष्ट

मूल हवे असलेल्या स्त्रियांसाठीच्या या गोळीवर भारतात 2011 मध्ये बंदी आली. 2014 मध्ये अमेरिकेतल्या 750 स्त्रियांच्या अभ्यासात लेट्रोझोलने 27.5 टक्के जणींना मूल झाले, क्लोमिफीनने 19.1 टक्के. 2017 मध्ये आपल्याकडची बंदी उठली. आज गर्भधारणेसाठी हीच पहिल्या पसंतीची गोळी आहे. ‘पीसीओएस म्हणजे मूल नाही’ हे वाक्य आता मनातून काढून टाका.

तुमच्यासाठी

पहिली पाळी आल्यानंतरचे वर्षभर अनियमितपणा चालतो. पुढची दोन वर्षे 21 ते 45 दिवसांचे अंतर ठीक. तीन वर्षांनंतर 21 ते 35 दिवस, आणि वर्षात किमान 8 पाळ्या यायला हव्यात. पहिली पाळी येऊन 8 वर्षे झाली नसतील, तर पीसीओएस ठरवण्यासाठी सोनोग्राफीचा आधार घेत नाहीत. त्या वयात असे अंडाशय सहज दिसतात.

खरी काळजी करायची ती न आलेल्या पाळीची. पाळी 90 दिवसांहून जास्त थांबली तर डॉक्टरांकडे जा. विवाहित असाल तर आधी गर्भधारणेची तपासणी करा. बीज फुटत नसेल तर गर्भाशयाचे अस्तर महिनोन्महिने वाढत राहते, आणि वर्षानुवर्षे तसेच चालले तर त्यातून कॅन्सरचा धोका वाढतो. पाळी आणण्याच्या गोळ्या त्या अस्तराच्या रक्षणासाठी असतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेऊ नका, आणि दिल्या असतील तर घाबरून बंदही करू नका.

वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के कमी झाले तरी अनेकींची पाळी सुधारते. रोज चालणे, वेळेवर जेवण, गोड पेये बंद, भाकरी-डाळ-भाजी पुरेशी : एवढ्याने सुरुवात होते. रक्तदाब आणि साखर नियमित तपासून घ्या.

2012 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी हे नाव दिशाभूल करणारे आहे, ते बदला, अशी शिफारस केली. तुम्ही तुमच्या घरापासून सुरुवात करा. आईला, सासूबाईंना, नवऱ्याला सांगा : ‘या गाठी नाहीत, थांबलेली बीजे आहेत, आणि यावर उपचार आहेत.’ कपाटातला तो अहवाल बाहेर काढा आणि शेवटच्या पाळीची तारीख लिहून डॉक्टरांकडे घेऊन जा.